दरपत्रकाची सत्ता

रुग्णालय विकले की बाजार आत येतो, अशी आपली समजूत. चीनमध्ये तो सरकारी पाटी न हलवताच आला. १९८०च्या दशकात सरकारने अनुदानाचा हात आखडता घेतला आणि रुग्णालयांना आपापला खर्च भागवायला सांगितले. मात्र डॉक्टरची तपासणी, शुश्रूषा, खाटेचे भाडे यांचे दर गरिबांना परवडावेत म्हणून खर्चाहून कमीच ठेवले. कमाईला जागा उरली ती औषधांवरच्या १५ टक्के नफ्यात आणि नव्या यंत्रांवरच्या महागड्या तपासण्यांत.

मग साध्या सर्दीलाही प्रतिजैविके, तीही सलाईनमधून, दिली जाऊ लागली. नफा टक्क्यांत, म्हणजे स्वस्त औषध लिहिणारा डॉक्टर रुग्णालयाला महागात पडणार. आपल्याकडची 'कट प्रॅक्टिस' निदान चोरून चालते. तिथे कट नियमातच बसवलेला होता. त्या डॉक्टरांना लोभी ठरवणे मला पटत नाही. मूळ पगार तुटपुंजा आणि बोनस विभागाच्या कमाईवर. दुसरे काय होणार होते? अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा हा इतरांसारखा बाजार नव्हे. काय घ्यायचे हे इथे विकणाराच ठरवतो, आणि घेणारा आजारी असतो.

२०००च्या सुमारास चीनच्या एकूण आरोग्यखर्चाचा जवळपास ६० टक्के भार लोकांच्या खिशावर होता. जिआंगसू प्रांतातल्या सुछिआन शहराने त्याच सुमारास जवळजवळ सगळी सरकारी रुग्णालये विकायला काढली. पण २०१६मध्ये त्याच शहरात सरकारी पैशातून नवे मोठे रुग्णालय सुरू झाले.

फुजिआन प्रांतातल्या सानमिंग शहराने २०१२मध्ये वेगळी वाट धरली, तीही तत्त्वापोटी नव्हे. शहराचा आरोग्य विमा निधीच तुटीत गेला होता. औषधांवरचा नफा बंद केला, डॉक्टरांच्या सेवेचे दर वाढवले आणि त्यांचा वार्षिक पगार ठरवून देऊन औषध-तपासण्यांच्या कमाईशी असलेले नाते तोडले. रुग्णालयांची मालकी बदललीच नाही. बदलले ते दरपत्रक. औषधांवरचा खर्च उतरला. २०१७मध्ये देशभरच्या सरकारी रुग्णालयांतून तो १५ टक्के नफा काढून टाकण्यात आला.

तेव्हा रुग्णालय सुधारण्याची कोणतीही योजना पुढे आली, की सरकारी की खासगी हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी एवढेच विचारा: चिठ्ठीवर एक औषध कमी लिहिले, तर नुकसान कोणाचे होते?