कपाशीचे शिवार आणि चीनची हौस

बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून आणि भरिताच्या वांग्यांसाठी ज्याचा लौकिक आहे, त्या जळगावशेजारच्या असोद्याच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास कपाशीची बोंडे फुटतात आणि ओला कापूस प्रतवारीत मार खातो म्हणून दव ओसरण्याची वाट पाहून बाया कमरेला ओटी बांधून वेचणीला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत, ११ नोव्हेंबरच्या आगेमागे, चीनमध्ये वर्षातील सर्वांत मोठ्या खरेदीची धामधूम असते आणि तीत कपड्यालत्त्यांना मोठा मान असतो.

या हौसेला चंगळ म्हणून नाक मुरडणे मला अन्यायाचे वाटते. ज्या समाजाला १९५४ पासून १९८३ पर्यंत कापडासाठी सरकारी कुपने मोजून मिळत होती आणि ज्याच्या दोन पिढ्यांनी निळ्या-करड्या एकसारख्या पोशाखात उमेदीची वर्षे काढली, त्याच्या नातवंडांना रंगांची ओढ लागली तर त्यात वावगे काय? महामारीपूर्वी जगातील उंची चैनीच्या वस्तूंपैकी सुमारे एक तृतीयांश चिनी ग्राहकच घेत असत. परंतु त्याहूनही लक्षणीय गोष्ट अशी, की तेथील तरुण मुली आता ‘हानफू’ हा पूर्वजांचा रुंद बाह्यांचा पेहराव अभिमानाने मिरवतात.

दूरदेशीच्या मागणीने आपला भाव ठरावा, हे खानदेशाला नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, तेव्हा येथील कापसाला सोन्याचे मोल आले आणि यादवी संपताच ते ओसरले. २०११ पासून चीन सरकार स्वतःच्या शेतकऱ्यांचा कापूस चढ्या दराने कोठारांत भरू लागले, तेव्हा तेथील गिरण्या स्वस्त परदेशी रुईकडे वळल्या आणि भारत त्यांचा मोठा पुरवठादार झाला. मार्च २०१२ मध्ये आपल्याच सरकारने निर्यातबंदीचा हुकूम काढला आणि २०१४ मध्ये चीनने ती साठेबाजी थांबवली. या सर्व उलथापालथीत कास्तकाराला मसलतीला कोणी बोलावले नाही. त्याला कळला तो केवळ बाजार समितीच्या फळ्यावरचा आकडा.

येथे मला शांडोंग प्रांतातील त्साओ तालुका आठवतो. तेथील डिंगलौ गावचे शेतकरी प्रथम छायाचित्रांसाठी आणि नाचगाण्यांसाठी लागणारे पोशाख शिवू लागले, पुढे घरबसल्या इंटरनेटवरून विकू लागले, आणि आज हानफूच्या धंद्यात त्या तालुक्याचा दबदबा आहे. त्यांनी मागणी ओळखली, आणि तिच्यासाठी लागणारे कसब गावातच शिकून घेतले. आपल्याकडे मात्र क्विंटलभर कापसातून निघणारी सुमारे चौतीस किलो रुई गाठींत दाबून बाहेर पाठवली, की आपला हिशेब संपतो. कातणे, विणणे, रंगवणे, शिवणे, म्हणजे ज्यात खरी किंमत वाढते ती सगळी कामे परक्या हातांत जातात. जळगावात एके काळी खानदेश मिल होती. ती बंद पडल्यावर तिच्या तोडीचे काही उभे करण्याची तजवीज कोणी मनावर घेतली नाही, ही आपली मोठी कसूर होय.

बहिणाबाईंचे नाव २०१८ पासून मिरवणाऱ्या आपल्या विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेने असोद्यासारख्या गावांत सूत, रंगाई आणि शिलाईचे पक्के वर्ग काढावेत, आणि त्यांत पहिला प्रवेश वेचणी करणाऱ्या बायांच्या मुलींना द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.