चाकवत ओळखता येत नाही म्हणून

औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

आपल्या विचाराचा आशय बाहेरचं जग ठरवत असेल, तर आपण काय विचार करतोय हे आपल्याला तरी कुठे कळतं, या प्रश्नाने तुझी झोप उडाली आहे म्हणे. उडू दे, पण भलत्या प्रश्नापायी नको.

हिलरी पुटनम या तत्त्वज्ञाने १९७५ साली म्हटलं, एल्म आणि बीच ही झाडं मला वेगळी ओळखता येत नाहीत, तरी ‘एल्म’ म्हणताना मी एल्मबद्दलच बोलतो. ती झाडं राहू देत, आपल्या औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात ये. चाकवत आणि चंदनबटव्याच्या जुड्या शेजारी ठेवल्या की मी आजही गडबडतो. (यावर तुझ्या मामीला बरंच बोलायचं असतं.) तरी ‘आज चाकवत खावा’ असं मनात येतं, तेव्हा ते चाकवताबद्दलच असतं. कारण तो शब्द माझ्या एकट्याचा नाही. चाकवत नेमका ओळखणारी माणसं आहेत, त्यांच्या जिवावर मी तो वापरतो.

तू काय केलंस, चाकवत ओळखता येत नाही म्हणजे मनात चाकवत आहे हेही कळत नाही, असं धरून चाललास. या दोन गोष्टी वेगळ्या. टायलर बर्जने १९८८ साली दाखवलं की ‘मी अमुक विचार करतोय’ हा विचार पहिल्या विचाराला पोटात घेऊनच येतो. पहिल्याचा आशय जगाने ठरवला, तर दुसऱ्याचाही त्यानेच. मग चूक शिरणार कुठून? आपल्या न्यायदर्शनातले नैयायिकही घटाच्या ज्ञानामागून ‘मी घट जाणतो’ असा अनुव्यवसाय येतो म्हणत. ते ज्ञान खरं की खोटं, हे मात्र वेगळं पडताळायला लावत.

झोप घालवायचीच तर मायकेल मॅकिन्सीच्या १९९१ च्या कोड्यापायी घालव. मी पाण्याचा विचार करतोय, हे मला आत डोकावून कळतं. जगात पाणी असल्याशिवाय असा विचार करता येत नाही, हे युक्तिवादाने कळतं. म्हणजे घोटभरही न पिता, खोलीत बसून, जगात पाणी आहे हे सिद्ध झालं! कुठेतरी पाणी मुरतंय खास. माझा संशय दुसऱ्या पायरीवर आहे: एखाद्या शब्दामागे खरी वस्तू आहे की नुसती समजूत, हे बसल्या जागी कळत नसावं. तू कुठली पायरी काढतोस ते कळव. आणि मामीला न सांगता.

तुझा,
मामा