पर्यायी शब्द

धानाची कापणी आटोपून वडशाच्या नाटक मंडळ्यांचे रात्रभराचे प्रयोग झाडीपट्टीत सुरू झाले, म्हणजे माझ्या पुतण्याच्या वाणीची जणू बंदिवासातून सुटका होते. कारण एरवी स्वतःच्या नावापाशीच अडखळणारा हा मुलगा राजाचा वेष चढवताच पल्लेदार वाक्ये अस्खलित म्हणतो. आमच्या घराण्यात हे तोतरेपण माझ्याही आधीपासून आहे. परवा चांदाफोर्टच्या फलाटावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत असता त्याने आपला पेच मांडला.

"काकाजी, खिडकीपाशी मी 'देसाईगंज' म्हणालो. म्हणायचे होते 'वडसा'. पण 'व' अडणार हे आधीच कळले. गाव एकच, तिकीट मिळाले. मग यात गैर काय?"

"मीही हजेरीला 'हजर' न म्हणता 'उपस्थित' म्हणत असे, आणि मास्तर माझ्या शुद्ध भाषेचे कौतुक करीत. पुढे आमचा बैल वाघाने मारला. जबानी देताना 'वाघ' निघेना, म्हणून 'जनावर' म्हणालो. पंचनाम्यात तेवढेच उतरले आणि नुकसानभरपाईचा अर्ज परत आला."

"पण तिथे तुम्ही अडून राहिला असता, तर दुसऱ्या कुणी शब्द पुरवला असता. तोही तुमचा नसता. आणि नाटकात तर एकही शब्द माझा नसतो, बदलण्याची मुभाही नसते. तरी तिथेच मी अडत नाही!"

यावर मी बराच वेळ निरुत्तर होतो. दुसऱ्याची भूमिका वठवताना किंवा समूहात गाताना पुष्कळ तोतऱ्यांची जीभ मोकळी होते, आणि हा दोष भित्रेपणाचा नसून आनुवंशिकतेशी व मेंदूतील वाणीच्या नियंत्रणाशी निगडित आहे, हे मला फार उशिरा कळले. आमच्या लहानपणी तोंडात गोटे धरून बोलण्याचा सराव करणाऱ्या ग्रीक वक्त्या डिमॉस्थेनीसचा दाखला देत. मीही वैनगंगेचे गोटे तोंडात धरले होते, आणि जिभेला जखमा तेवढ्या झाल्या.

"बाबू," मी म्हणालो, "शब्द बदलून पोट भरत असेल, तर खुशाल बदल. मला फक्त त्या वाघाचे वाईट वाटते. तो माझ्या डोळ्यांपुढे होता, आणि कागदावर आला नाही."

इतक्यात शेजारच्या प्रवाशाने विचारले, "कुठे जाता?"

"व... व..."

'वडसा' माझ्या ओठांशी आला. मी तो गिळला.

"वरोरा?" प्रवासी म्हणाला. गाडी त्या बाजूला जातही नव्हती.

पुतण्याने मान हलवली आणि पुन्हा 'व'पासून आरंभ केला.