विचारण्याची लाज



'आता या वयात काय शिकायचे?' हे वाक्य साठीला टेकलेल्यांच्या तोंडी येते, तसे चाळिशीतल्यांच्याही. नाव वयाचे, खरी आड येते ती लाज. आपल्याहून लहानाला 'मला हे येत नाही, सांग' असे म्हणायला जीभ वळत नाही.

बाराव्या शतकात कल्याण नगरीत अनुभव मंटप भरे. अल्लमप्रभू शून्यपीठावर असत. तेथे नाव वल्हवणारे अंबिगर चौडय्या, कपडे धुणारे मडिवाळ माचय्या, दोर वळणारे नुलिय चंदय्या बसत. ना हजेरी, ना परीक्षा. आपापले कायक सांभाळून आलेली ही प्रौढ माणसे एकमेकांना विचारीत आणि त्यातूनच घडत.

चन्नबसवण्णा हे अक्कनागम्मांचे पुत्र, म्हणजे बसवण्णांचे भाचे. तरी षट्स्थलज्ञानातला त्यांचा अधिकार मामांनी आनंदाने मानला, असे परंपरा सांगते. आयदक्की मारय्यांचे कायक सांडलेले तांदूळ वेचण्याचे. एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घरी आले. लक्कम्मांनी विचारले, 'गरजेहून अधिक कशाला?' मारय्यांनी ते परत नेऊन टाकले. कायकाचा अर्थ त्या दिवशी घरातच उलगडला. पत्नीकडून शिकल्याने मारय्यांचे थोरपण तिळभरही उणे झाले नाही.

शाळेचे मोल मोठेच आहे. पण शाळा सुटल्यावर आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे उरतात, त्यांचे काय? आपल्या सीमाभागात पुष्कळ घरांत बोली मराठी आणि वचने मूळ कन्नड. आजोबांना वचने मुखोद्गत असतात, अक्षर मात्र लागत नाही. नात शाळेत कन्नड शिकते. रोज एक ओळ तिच्याकडून वाचून घ्यावी, अक्षरावर बोट ठेवून ओळखावे. आजोबांचे वाचन वाढेल. शिवाय मोठी माणसेही विचारतात, हे नातीला कळेल. मग वर्गात विचारताना तिलाही संकोच वाटणार नाही.

व्यवहारातही हेच. कागद न वाचता अंगठा उठवणाऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. त्यापेक्षा मुलाला, सुनेला 'यात काय लिहिले आहे?' असे विचारणे केव्हाही हिताचे. मोबाईलवरून पैसे पाठवणेही असेच घरातल्या घरात शिकता येते. शिकवणाऱ्यानेही हसू नये. एकदा हसलात, की तो पुन्हा विचारणार नाही.

या महिन्यात घरातल्या लहानाला एक गोष्ट विचारा, आणि ती येईपर्यंत विचारत राहा.