भाड्याबाहेर ठेवलेला पगार

कॅरिबियन समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझचे तिकीट ऐन वेळी स्वस्तात निघाले आणि खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचे भाडे माणशी ३०० डॉलरपर्यंत उतरले, असे समजू. नवरा-बायकोचे मिळून ६०० डॉलर झाले. त्यात कर आणि बंदराचे शुल्क मिळवायचे. त्याखाली आणखी एक ओळ असते: कर्मचाऱ्यांची बक्षिसी, माणशी रोज अमुक इतकी. अमेरिकी बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या साध्या केबिनसाठी हा दर आज साधारण १६ ते २० डॉलरच्या दरम्यान आहे. १८ धरला तर दोघांचे सात दिवसांचे २५२ डॉलर होतात, म्हणजे भाड्याच्या ४२ टक्के. हीच केबिन सुट्ट्यांच्या हंगामात माणशी १,५०० डॉलरना घेतली असती तरी बक्षिसी २५२ डॉलरच राहिली असती, भाड्याच्या साडेआठ टक्क्यांच्या आत. भाडे उतरते, बक्षिसी उतरत नाही. काही सवलतींमध्ये तर ती तिकिटाबरोबरच आगाऊ भरावी लागते. म्हणजे प्रवाशाने अजून जहाजात पाऊल ठेवलेले नसते, वाढप्याला पाहिलेलेही नसते, आणि त्याच्या सेवेवर खूश होऊन द्यायचे पैसे मात्र जमा झालेले असतात. ही विसंगती हसून सोडून देण्यासारखी नाही. सक्तीची आगाऊ बक्षिसी हा पगारच आहे, हे तिच्या रचनेतच मान्य झालेले आहे. तरीही ती भाड्याबाहेर राहते ती जाहिरातीतला आकडा लहान दिसावा म्हणून, असे माझे म्हणणे आहे. बक्षिसी इथवर कशी पोचली हे पाहिले की ते पटण्यासारखे आहे.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठ्या घरी जेवायला जाणे पाहुण्याला चांगलेच महाग पडे. निघताना घरातले नोकर दिवाणखान्याबाहेर रांगेने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवावे लागे. देणाऱ्याच्या दृष्टीने ते औदार्य होते, पण ही वरकमाई मिळणार हे गृहीत धरूनच मालक नोकरांचे पगार ठरवत. म्हणजे यजमानाच्या नोकरांच्या पगाराचा काही भाग पाहुणे भरत होते आणि जेवण फुकट असल्याचा मान यजमानाला मिळत होता. जोनास हॅनवेसारख्या लेखकांनी १७६०च्या सुमारास या चालीवर टीका केली. स्कॉटलंडमधल्या जमीनदारांनी ही प्रथा बंद करण्याचे ठराव केले आणि ती चळवळ लंडनपर्यंत पोचली. तेव्हा १७६४ मध्ये रॅनेला उद्यानात नोकरांनी दंगा केला. त्यांचा राग समजण्याजोगा होता. बक्षिसी बंद झाली आणि पगार त्या प्रमाणात वाढला नाही, तर सुधारणेचा सगळा खर्च नोकराच्याच माथी येणार होता. बक्षिसीवरच्या पुढच्या प्रत्येक वादात हा मुद्दा पुन्हा उभा राहिला आहे.

अमेरिकेत ही चाल यादवी युद्धानंतर रुजली. युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी ती सोबत आणली, आणि सुरुवातीला तिला विरोध झाला तो लोकशाहीच्या नावाने. एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात पसरावा हे प्रजासत्ताकाला शोभत नाही, असे विल्यम स्कॉट यांच्यासारखे टीकाकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही लिहीत होते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले, पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. कारण तोवर टिपचे स्वरूप बदलून ती मालकाच्या हिशोबातली एक बाब झाली होती. याचे ठळक उदाहरण म्हणजे पुलमन कंपनीचे रेल्वेतले शयनडबे. त्या डब्यांत सेवेला प्रामुख्याने कृष्णवर्णीय पुरुष होते, सुरुवातीचे अनेक जण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. पगार तुटपुंजा, बाकीचे पोट प्रवाशांच्या मर्जीवर. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार झाला. पगार आणि कामाचे तास या संघटनेच्या मूळ मागण्या होत्या. पण खाद्यगृहांच्या धंद्यात उलटे घडले. १९६६च्या दुरुस्तीने टिप किमान वेतनात धरण्याची मुभा कायद्यानेच दिली. आज अमेरिकेचे संघीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टिप मिळवणाऱ्याला मालकाने स्वतः द्यायची किमान रक्कम १९९१ पासून २.१३ डॉलरवरच थांबलेली आहे. राज्यांचे दर वेगळे असू शकतात, पण कायद्याचा पाया हाच आहे.

क्रूझ जहाजांनी हा वारसा घेतला आणि त्याला समुद्रावरचे एक परिमाण जोडले. मोठ्या क्रूझ कंपन्यांपैकी रॉयल कॅरिबियन लायबेरियात नोंदलेली आहे, नॉर्वेजियनची मूळ कंपनी बर्म्युडात, आणि कार्निव्हलची नोंदणी दीर्घकाळ पनामात होती. बहुतेक जहाजांवर बहामा, पनामा, माल्टा अशा देशांचे झेंडे असतात, आणि मायामीहून निघणाऱ्या अशा जहाजावरच्या वाढप्याला अमेरिकी किमान वेतनाचा आधार मिळत नाही. पूर्वी जेवणाचे टेबल आठवडाभर ठरलेले असे, वाढपी तोच, केबिन झाडणारा तोच. शेवटच्या रात्री प्रवासी प्रत्येकाच्या हातात पाकीट देत, आणि ओळखीतून दिलेले ते पैसे खरोखर बक्षिसीच्या जवळ जाणारे होते. २००० मध्ये नॉर्वेजियनने हव्या त्या वेळी हव्या त्या उपाहारगृहात जेवण्याची पद्धत आणली. रोजचा वाढपी वेगळा झाला, मग पाकीट कोणाला द्यायचे? यावर उपाय म्हणून रोजची ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर आपोआप चढू लागली. इतर कंपन्यांनीही हळूहळू तेच केले. हा बदल कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने वाईट नव्हता. धुलाईघरात आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या, प्रवाशाच्या कधीच नजरेस न पडणाऱ्या माणसांनाही त्यातून वाटा देता येऊ लागला. पण देणारा, घेणारा आणि सेवा यांच्यातला धागा तिथे तुटला. रक्कम कंपनी ठरवते, गोळा कंपनी करते आणि वाटतेही कंपनीच. या तिन्ही गोष्टी पगाराच्या आहेत.

मग तिला पगार म्हणून भाड्यात का घालत नाहीत? उत्तर किमतीच्या गणितात आहे. क्रूझचे भाडे हे गिऱ्हाईक आत आणण्याचे साधन आहे. दारू, जुगार, बंदरावरच्या सहली, इंटरनेट यांतून पुढची कमाई होते, म्हणून रिकामी केबिन नेण्यापेक्षा ती पडत्या भावात विकणे कंपनीला परवडते. भाडे जितके खाली आणता येईल तितके बरे. अशा वेळी जो खर्च भाड्याबाहेर ठेवता येतो, तो सवलतीच्या कात्रीतून वाचतो. ‘मुले मोफत’ अशा सवलतीतही मुलांचे कर आणि बहुधा बक्षिसी भरावीच लागते. ‘मोफत’ पेयांच्या योजनेत त्या पेयांच्या मूळ किमतीवर २० टक्के सेवा-आकार आगाऊ घेतला जातो. पेय फुकट आणि वाढणावळ विकत, हा प्रकार अठराव्या शतकातल्या यजमानाच्या मेजवानीहून वेगळा नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतल्या किमतीत सगळे सक्तीचे आकार धरणे बंधनकारक झाले, तेव्हा मोठ्या क्रूझ कंपन्या कर आणि बंदर-शुल्कासह भाडे दाखवू लागल्या. रोजची बक्षिसी मात्र बाहेरच राहिली, कारण जहाजावरच्या मदतकक्षात जाऊन ती कमी करून घेता येते, म्हणजे कागदोपत्री ती ऐच्छिक आहे. वसुलीच्या वेळी ती आपोआप चढते आणि किंमत सांगायच्या वेळी ऐच्छिक ठरते. तिचा सगळा उपयोग या दुहेरी रूपात आहे.

या दुहेरी रूपाचा भार कोणावर पडतो, हे मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या घरांना वेगळे सांगायला नको. तिथून पिढ्यानपिढ्या माणसे बोटीवर कामाला गेली आहेत. २०१२ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी पी अँड ओ क्रूझेसबद्दल दोन बातम्या दिल्या. पहिली अशी, की टिप कंपनीमार्फत वाटण्याच्या नव्या पद्धतीत प्रवाशांचे अभिप्राय ठरावीक गुणांच्या खाली गेले तर कर्मचाऱ्याचा वाटा रोखता येणार होता. दुसरी अशी, की आर्केडिया जहाजावरच्या सुमारे १५० भारतीय कर्मचाऱ्यांनी सिएटल बंदरात पगारासाठी थोडा वेळ शांतपणे निदर्शने केली, आणि पुढे त्यांना पुन्हा कामावर घेणार नसल्याचे कळवण्यात आले. पगार करारात लिहिलेला असतो, त्यासाठी भांडता येते. बक्षिसी म्हणून आलेल्या पैशावर हक्क सांगायचा तर बोट कशावर ठेवायचे? २०१३ मध्ये अमलात आलेल्या सागरी कामगार करारात कामाच्या तासांना मर्यादा आहे, वेळेवर पगाराची हमी आहे. प्रवाशाने मदतकक्षात जाऊन कमी करून घेतलेली रक्कम त्या हमीत बसत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सेवेच्या दर्जाचा. बक्षिसी गेली तर वाढपी मन लावून काम का करेल? आगाऊ वसूल झालेल्या रकमेला हा आक्षेप लागूच पडत नाही, कारण सेवेपूर्वी दिलेले बक्षीस सेवेला वळण लावू शकत नाही. मागाहून दिलेल्या टिपबद्दलही कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन यांच्या संशोधनातून असे दिसते, की सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांचा संबंध फार क्षीण आहे. लोक मुख्यतः रिवाजाप्रमाणे देतात. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे: ज्याला द्यायची नाही त्याला नकार देण्याची सोय आज आहे, ती का काढून घ्यावी? पण त्या सोयीची किंमत कंपनी भरत नाही. सूप थंड मिळाले म्हणून कोणी आठवड्याची बक्षिसी काढून घेतली, तर चादरी धुणाऱ्याचा वाटाही त्यात जातो. तक्रार कंपनीविरुद्ध आणि दंड कामगाराला, अशा स्वातंत्र्याची राखण करण्याचे कारण दिसत नाही. खूश झालेल्या प्रवाशाला वरून काही द्यायचे असेल तर त्याला कोणी अडवलेले नाही. ती खरी बक्षिसी होईल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कामगाराच्या बाजूने येतो. आज सवलत कितीही मोठी असली तरी बक्षिसीचा दर अखंड राहतो. भाड्यात मिसळली की सवलतीच्या कात्रीत तीही सापडेल. रॅनेला उद्यानातल्या नोकरांची भीती हीच होती आणि ती खोटी म्हणता येत नाही. म्हणून नुसते भाड्यात मिसळणे पुरेसे नाही; तेवढीच रक्कम करारातल्या पगारात हक्काने लिहिली गेली पाहिजे. तसे झाले तर सवलत देण्याची जोखीम सवलत देणाऱ्याकडे राहते. इंधन महागले म्हणून प्रवासाच्या मध्यावर कप्तानाचा पगार कोणी कापत नाही, मग भाडे उतरवले म्हणून वाढप्याचा का कापावा? तरीही मजूर संघटना आणि कायदा मागे नसतील तर ही रक्कम झिजत जाण्याचा धोका उरतोच, हे मान्य केले पाहिजे.

चौथा आक्षेप धंद्याचा आहे: एकट्या कंपनीने किंमत पूर्ण दाखवली तर ती महाग दिसेल आणि गिऱ्हाईक शेजारी जाईल. हे खरे आहे. न्यूयॉर्कचे नामांकित उपाहारगृह-मालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये टिप बंद करून दर वाढवले आणि २०२० मध्ये त्यांना तो प्रयोग गुंडाळावा लागला. पण यातून निघणारा निष्कर्ष असा, की नियम सगळ्यांना एकदम लागू हवा. अमेरिकेत २०१२ पासून विमान कंपन्यांना करांसह पूर्ण भाडेच जाहिरातीत दाखवावे लागते, आणि त्यामुळे विमाने रिकामी उडू लागली नाहीत. ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा एकच संपूर्ण किंमत मागतो, आणि तिथल्या बाजारात बक्षिसी भाड्यात धरलेली असणे ही नित्याची गोष्ट आहे. २०१२ मध्ये ज्या पी अँड ओ क्रूझेसवर टीका झाली, तिनेच २०१९ मध्ये रोजची बक्षिसी रद्द करून ती भाड्यात घेतली. सिल्व्हरसी, रीजंट यांसारख्या महागड्या कंपन्यांचे भाडे तर बक्षिसीसहच असते. म्हणजे श्रीमंत प्रवाशाला पूर्ण किंमत आधीच सांगितली जाते आणि तुकड्यातुकड्यांत सांगितली जाते ती काटकसर करून निघालेल्याला.

भारतात हाच वाद उपाहारगृहांच्या सेवा-आकारावरून झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात आपोआप सेवा-आकार लावण्यास मनाई केली, उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली. कामगारांना पैसे मिळतात, हा संघटनांचा मुद्दा होता. त्यासाठी पदार्थांचे दर वाढवायला मात्र कोणाचीच मनाई नव्हती. या निकालामागचा विचार जहाजालाही लागू करता येतो. प्रामाणिक वाटा दोनच आहेत. रक्कम ऐच्छिक असेल तर ती प्रवाशाने मागाहून, आपण होऊन द्यावी. आवश्यक असेल तर ती किमतीत आणि पगारात असावी. आगाऊ सक्तीची बक्षिसी पहिल्या वाटेचे नाव सांगून दुसऱ्या वाटेने चालते.

नियम बदलेपर्यंत प्रवाशाच्या हाती दोन गोष्टी आहेत. भाड्यांची तुलना करताना बक्षिसी, कर आणि शुल्क धरूनच एकूण आकडा पाहावा, म्हणजे लपवण्यातला फायदा थोडा तरी कमी होतो. आणि हा घोळ कंपनीने घातला म्हणून मदतकक्षात जाऊन ती रक्कम काढून घेऊ नये. आजच्या व्यवस्थेत तो कोणाचा तरी पगार आहे, आणि किमतीच्या पद्धतीवरचा आपला राग त्याच्या वाट्यातून वसूल करण्याचा अधिकार कोणालाच नाही. कंपन्यांकडे मागणी करायची ती बक्षिसी माफ करण्याची करू नये. जो पगार सगळ्यांनी भरायचा असे कंपनीनेच ठरवले आहे, तो भाड्याच्या आकड्यात आणि कर्मचाऱ्याच्या करारात लिहा, एवढेच मागावे. त्यानंतर भाडे ३०० डॉलर दिसणार नाही, ४२६ दिसेल. प्रवाशाच्या खिशातून तेवढेच जाईल जेवढे आजही जाते. बदलेल ते एवढेच, की वाढप्याच्या पगारासाठी कंपनी जबाबदार आहे हे तिकिटावरच लिहिलेले असेल.