टीप आणि शुद्धलेखन

संगणकाच्या आज्ञावलींत दोन प्रकारचा मजकूर असतो : यंत्रासाठीं आज्ञा आणि माणसासाठीं टिपा. यंत्र टिपा वाचीतच नाहीं. टिपेंत स्पेलिंगचा कितीही गोंधळ असला तरी काम बिनबोभाट चालतें. मग त्या चुका सुधारण्याचा खटाटोप कशासाठीं? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

टीप म्हणजे मागाहून येणाऱ्या अनोळखी वाचकास लिहिलेलें पत्र. 'लिनक्स'च्या मूळ संहितेबरोबर नेहमींच्या चुका व त्यांचीं शुद्ध रूपें यांची एक यादीच ठेवलेली असते. ही पांडित्याची हौस नव्हे. चुकलेला शब्द शोधूनही सांपडत नाहीं, हें व्यवहाराचें कारण आहे. मेळघाटांतील धारणीचेंच पाहा. रोमन लिपींत हें नांव कोणी 'र'नंतर एक स्वर घालून लिहितो, कोणी तो गाळून. दोन टिपांत दोन रूपें असलीं तर शोधणाऱ्याच्या हातीं एकच लागते. तेव्हां चूक सुधारणें हें वाचकाविषयींचें कर्तव्यच होय.

परंतु शुद्धतेलाही मर्यादा आहे. महाजालावर पानें मागविण्याच्या 'एचटीटीपी' पद्धतीचा मसुदा 1996 मध्यें प्रसिद्ध झाला. वाचक कोणत्या पानावरून आला हें सांगणाऱ्या 'रेफरर' ह्या शब्दांतील एक 'आर' त्यांत गळालेला आहे. असंख्य यंत्रें त्याच रूपानें एकमेकांशीं बोलतात; म्हणून ती चूक आजही राखलेली आहे. जेथें शब्द हा करार झाला, तेथें शुद्धीपेक्षां वचन मोठें. टिपेवर असें बंधन नाहीं. तरीही 'गिट'मध्यें ओळ सुधारली कीं तिच्यापुढें शेवटीं हात लावणाऱ्याचें नांव दिसूं लागतें, आणि मूळ लेखक शोधण्यास मागच्या नोंदी चाळाव्या लागतात. एकनाथांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मात्र ज्ञानदेवांचाच राहिला. शोधकानें ही मर्यादा ओळखावी.

आतां खरा प्रश्न. धारणीकडील एखादा मुलगा घरीं कोरकू बोलतो, शाळेंत मराठी शिकतो, बाजारांत हिंदी वापरतो, आणि टीप लिहितो ती इंग्रजींत. त्याच्या चुकीची चारचौघांत थट्टा केली, तर तो शुद्ध लिहूं लागेलच असें नाहीं. कदाचित् टीप लिहिणेंच सोडून देईल. मग पुढच्या वाचकास अशुद्ध ओळीऐवजीं कोरी जागा मिळेल. उलट, आज्ञा बदलली आणि टीप जुनीच राहिली, तर ती निर्दोष भाषेंतील असत्य ठरते. तिच्यापेक्षां अशुद्ध पण खरी टीप शतपट बरी. अक्षर सुधारण्यापूर्वीं अर्थ तपासावा तो ह्यासाठीं.

आम्ही ह्या लेखांत वापरलेले अनुस्वार एके काळीं शुद्धलेखनाचें लक्षण होते. 1962 च्या नियमांनीं त्यांतील पुष्कळ गाळले. कालची शुद्धि आज चूक ठरूं शकते, हें ज्यानें पाहिलें त्यानें दुरुस्ती अवश्य करावी. पण ती वाचकाच्या सोयीसाठीं करावी, लिहिणाऱ्यास खालीं पाहावयास लावण्यासाठीं नव्हे.