घाईतला याजक


चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकताना जखमी माणसाला टाळून गेलेला याजक आपण लगेच ‘दगडाच्या काळजाचा’ ठरवतो.

अमेरिकेत प्रिन्स्टन येथील सेमिनरीच्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायचे होते. काहींचा विषय तर हाच दाखला! वाटेत एक माणूस मुद्दाम कण्हत, खोकत बसवलेला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला धावले. ‘उशीर झालाय’ असे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के. विषयामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. (आम्ही पुरोहितांनी हे दोनदा वाचावे.)

घाई ही सबब नव्हे. जखमी माणूस वाटेवरच राहिला. पण स्वतः चुकलो की आपण परिस्थिती सांगतो, दुसरा चुकला की त्याचा स्वभाव काढतो. आज मिस्सा संपताच कुणी न बोलता निघून गेले, तर फाटकापर्यंत पोहोचण्याआधीच आपण म्हणू, ‘गर्व चढलाय!’ त्याच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, हे विचारायला आपल्याला तरी सवड आहे का?